अर्धसावलीच्या परसात कळलावी फुलेल का?

प्रश्न: आमचे घर सोलापूर शहरात असून मागच्या परसात कडुनिंब आहे. तेथे सकाळी दहा-अकरापर्यंत ऊन येते, नंतर दिवसभर सावली असते. जमीन काळी, चिकट आहे. पावसाळ्यात झुडपांवर चढलेली रानातली कळलावी मला फार आवडते. एवढ्या उन्हात ती फुलेल का, आणि येथल्या उन्हाळ्यात तिचा कंद टिकेल का?

उत्तर १: उन्हाची चिंता नसावी. ही वेल मुळातच झुडपांच्या आडोशाने उगवते आणि शेंडा उजेडाकडे नेते, त्यामुळे बुडाशी सावली आणि वर सकाळचे ऊन ही तिच्या सोयीचीच जागा आहे. खरी अडचण काळ्या मातीची आहे, कारण ती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजतो. वाफा वीतभर उंच करावा, त्यात जाडी वाळू व कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळावा आणि मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी कंद ५ ते ७ सेंटीमीटर खोल, आडवा ठेवावा. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या या कंदाचा कोंब टोकाशीच असतो. ते टोक मोडले की त्या बाजूने तो फुटत नाही, म्हणून तो अगदी जपून हाताळावा. हिवाळ्याच्या तोंडावर वेल वाळते ती मेलेली नसते. तेव्हापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाफ्याला पाणी देऊ नये. उन्हाळा कंदाला मारत नाही, आपण मायेने घातलेले पाणी मात्र मारते.

उत्तर २: आधार बारीक द्यावा. कळलावी पानाच्या वळलेल्या टोकाने धरते, त्यामुळे जाड बांबूवर तिला चढता येत नाही. मेंदीचे कुंपण किंवा तुरीच्या वाळक्या काटक्या उत्तम.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. कंद रानातून आणावा का? घरात लहान नातवंडे आहेत.

उत्तर ३: रानातून मुळीच उपटू नये, औषधासाठी होणाऱ्या उपशामुळे ती आधीच अनेक ठिकाणी विरळ झाली आहे. रोपवाटिकेतून लागवडीचा कंद घ्यावा. बियांपासूनही रोपे होतात, पण फुलांसाठी काही वर्षे थांबावे लागते. नातवंडांबाबत स्पष्टच लिहितो: या वेलीचा प्रत्येक भाग विषारी आहे. तिच्यातील कोल्चिसीन अल्प, मोजक्या मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर औषध असले, तरी कंदाचा तुकडा पोटात गेल्यास जीव जाऊ शकतो, आणि हा कंद रताळ्यासारखा दिसतो. मुले खूप लहान असतील तर ती कळती होईपर्यंत लागवड थांबवावी. लावायचीच असल्यास वाफ्याला जाळीचे कुंपण घालावे, हातमोजे वापरावेत आणि शेंगा पिकण्याआधी काढून टाकाव्यात.