शब्दचर्चा: अमूर्त चित्रातला ‘काळा’, ‘अंधार’ आणि ‘छायाप्रकाश’

प्रश्न: अमूर्त चित्रांवरच्या मराठी लेखांत ‘छायाप्रकाशाचा खेळ’ हे शब्द हमखास येतात. सगळा कॅनव्हास काळा असला तरी येतात. हा वापर बरोबर आहे का?

प्रतिसाद: माझ्या मते नाही. छाया पडायला वस्तू लागते आणि उजेड कुठून येतोय हे चित्रकाराने चित्रातच ठरवलेलं असावं लागतं. गालाची एक बाजू उजळ, दुसरी सावलीत, हा झाला छायाप्रकाश. पिएर सूलाज या फ्रेंच चित्रकाराने १९७९पासून जे केलं त्यात यातलं काही नाही. जाड काळा रंग थापायचा आणि रुंद ब्रशने, पात्याने त्यात चऱ्या ओढायच्या. चऱ्यांच्या कडांवर उजेड चमकतो, तो खोलीतला, खिडकीतून किंवा दिव्यातून आलेला. बघणारा दोन पावलं सरकला की चमकणारी रेघ विझते आणि शेजारची उजळते. रंगवलेला प्रकाश इथे नाहीच. म्हणून मी इथे ‘प्रकाश’ टाळून ‘उजेड’ म्हणेन. तो शब्द आपण खोलीतल्या, खराखुरा दिसणाऱ्या गोष्टीसाठी वापरतो.

सूलाजने या काळ्याला ‘ऊत्रनुआर’ असं नाव दिलं, म्हणजे काळ्याच्या पलीकडचा. ‘काळ्यापल्याड’ चालून जाईल. ‘परा-कृष्ण’ वगैरे कृपा करून नको.

दुसरा प्रतिसाद: पण मराठीत नवा शब्द घडवायची गरजच काय? काळाकुट्ट, काळाभोर, काळामिट्ट, काळाकुळकुळीत हे चारही निरनिराळे आहेत. ‘कुळकुळीत’मध्ये तुकतुकी आहे, म्हणजे उजेड परतवणारा काळा. सूलाजचा तोच. ‘मिट्ट’ आपण काळोखालाही लावतो, त्यात परत काहीच येत नाही. २०१४ साली जाहीर झालेला व्हँटाब्लॅक हा लेप तसा आहे: कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या दाट उभ्या, त्यांच्यात शिरलेला उजेड इकडेतिकडे आपटून उष्णतेत जिरतो. सुमारे ९९.९६ टक्के जिरतो. चुरगळलेल्या पातळ पत्र्यावर हा लेप दिला की सुरकुत्या डोळ्याला दिसतच नाहीत, नुसतं भोक पडल्यासारखं वाटतं. शिल्पकार अनिश कपूर यांनी या लेपाच्या कलेतल्या वापराचे हक्क फक्त स्वतःकडे घेतले तेव्हा चित्रकारांत बराच गदारोळ झाला, तो वेगळा विषय.

तेव्हा सूलाजचा काळा आणि व्हँटाब्लॅक, दोन्हींना सरसकट ‘गडद काळा’ म्हणणं हा आळस आहे.

पहिल्यालाच पुन्हा: ‘कुळकुळीत’ मान्य, फक्त समीक्षेत ते जरा घरगुती वाटेल अशी शंका होती. आता वाटतं, वाटू दे. ‘मिट्ट’लाही हरकत नाही. पण ‘अंधार’ मात्र या चित्रांना लावू नये. अंधार पडतो, होतो, दाटतो. तो जागेला असतो. कॅनव्हास काळा असतो, अंधारा नसतो. जेम्स टरेल या अमेरिकन कलाकाराच्या काही कलाकृतींत खोलीच जवळजवळ उजेडाविना ठेवलेली असते आणि डोळे सरावल्यावर कुठे काही दिसू लागतं. तिथे अंधार म्हणा.

तिसरा प्रतिसाद: जाता जाता, ‘साहित्य’चंही बघा. आल्बेर्तो बुर्री या इटालियन चित्रकाराने गोणपाट शिवलं, डांबर वापरलं, प्लॅस्टिक जाळून त्याला भोकं पाडली. त्यावर ‘प्रायोगिक साहित्य’ लिहिलं की वाचकाला कविता-कादंबरी आठवते. ‘माध्यम’ रूढ आहे, ‘मिश्र माध्यम’ तर चित्राखालच्या पट्टीवरच असतं. मी तरी सरळ गोणपाट, डांबर, जळकं प्लॅस्टिक असंच लिहितो.