प्लेटलेटची पिशवी फ्रिजमध्ये ठेवल्याने नेमके काय बिघडते?

प्रश्न
गेल्या पावसाळ्यात मेव्हण्यांना डेंग्यू झाला, तेव्हा रक्तपेढीतून साध्या प्लेटलेटच्या (एका दात्याच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या) चार पिशव्या मी आणल्या. बर्फ लावू नका, असे तेथे बजावले होते. वॉर्डात मात्र त्या दोन तास फ्रिजमध्ये राहिल्या. काउंट (रक्तातील प्लेटलेटची संख्या) जेमतेम आठ हजारांनी वाढला. तांबड्या पेशी थंडीत टिकतात, तर प्लेटलेट का टिकू नयेत? की पिशव्याच मुळात कमी दर्जाच्या होत्या?

प्रतिसाद १ (रक्तपेढी तंत्रज्ञ)
तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर ठेवतात. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांवर, सतत हलणाऱ्या यंत्रावर, आणि तेही पाचच दिवस. गारठ्यात प्लेटलेटचा चपटा, तबकडीसारखा आकार जाऊन त्या गोल व काटेरी होतात, त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांचे पुंजके होतात आणि शरीरात गेल्यावर यकृत त्यांना लवकर बाजूला काढते. थंड ठेवलेल्या प्लेटलेट रक्तात कमी काळ टिकतात, हे १९६९ साली मर्फी व गार्डनर यांनी दाखवले.

दर्जा मात्र त्याआधीच, रक्त घेतानाच ठरू लागतो. सुई नीट न बसल्याने रक्त रखडत आले, तर गोठण्याची क्रिया पिशवीतच सुरू होते, म्हणून अशा रक्तातून आम्ही प्लेटलेट काढत नाही. चांगले रक्त थंड न करता काही तासांतच आधी यंत्रात हलके फिरवतो, वर आलेला प्लाझ्मा वेगळा करून तो जोरात फिरवतो, आणि तळाशी बसलेला प्लेटलेटचा थर सुमारे तासभर न हलवता ठेवतो. येथे घाई झाली की गुठळ्या राहतात. पिशवीचे प्लास्टिकही प्राणवायू आत जाऊ देणारे लागते, कारण तो कमी पडला तर लॅक्टिक आम्ल साचून पीएच उतरतो. पिशवी उजेडात धरून अलगद हलवल्यास धुरासारखी वळणे दिसावीत. ती दिसली नाहीत, तर पिशवी परत पाठवावी.

प्रतिसाद २ (वैद्यकीय अधिकारी)
सगळा दोष फ्रिजवर टाकण्याआधी आजाराकडेही पाहावे. अशी एक पिशवी प्रौढाचा काउंट साधारण पाच ते दहा हजारांनी वाढवते, म्हणजे चार पिशव्यांनी वीस ते चाळीस हजार. परंतु डेंग्यूत बाहेरून दिलेल्या प्लेटलेटही नष्ट होत राहतात, आणि ताप किंवा वाढलेली प्लीहा असेल तर आणखीच. पिशवी संपल्यापासून तासाभरात काउंट पाहिला होता का? तेव्हा तो चांगला वाढून दुसऱ्या दिवशी घसरला असेल, तर कारण बहुधा आजारातच आहे.

प्रश्नकर्ता
काउंट थेट दुसऱ्या दिवशी सकाळीच तपासला होता.

प्रतिसाद १ (रक्तपेढी तंत्रज्ञ)
मग त्या एका आकड्यावरून दोष फ्रिजचा की तापाचा, हे वेगळे करता येणार नाही. एक पुस्ती जोडतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२३ मध्ये थंड साठवलेल्या प्लेटलेटना चौदा दिवसांपर्यंत मुभा दिली आहे, पण ती चालू रक्तस्राव थांबवण्यासाठी आहे. काउंट वाढवण्यासाठी नाही. शिवाय त्या प्लेटलेट सुरुवातीपासून ठरलेल्या पद्धतीने थंड ठेवलेल्या असतात, वॉर्डातल्या फ्रिजमध्ये मध्येच ठेवलेल्या नव्हेत.