दावा दुरुस्तीचं कलमच काढून टाका म्हणणाऱ्यांसाठी

कृष्णाकाठचा वकील, सातारा

'तासगावकर प्रतिवादी' यांनी काल लिहिलं: "चुलत्यानं एका गटाचा वाटपाचा दावा लावला. पुरावा सुरू व्हायच्या टायमाला दुरुस्ती अर्ज टाकून आणखी दोन गट घुसवले, कोर्टानं दोन हजार खर्च लावून मंजूर केला. हे कलमच काढून टाका, वकिलांचं चांगभलं बंद होईल." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग बघून लिहावं लागतंय.

अहो, काढलं होतं! दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर ६ रूल १७, म्हणजे दावा-कैफियत दुरुस्तीचा नियम, १९९९ च्या दुरुस्ती कायद्यानं वगळलाच होता. वकिलांनी देशभर ओरड केली, तो बदल अंमलात यायच्या आत २००२ च्या कायद्यानं रूल परत आणला. १ जुलै २००२ पासून फक्त एक अट वाढली. ट्रायल सुरू झाल्यावर दुरुस्ती नाही. पूर्ण दक्षता घेऊनही आधी मांडता आलं नसतं हे कोर्टाला पटलं तरच. आणि सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे साक्षीदाराची शपथेवरची लेखी साक्ष, दाखल झालं की ट्रायल सुरू, हे सुप्रीम कोर्टानं विद्याबाई खटल्यात सांगितलंय. तुमच्या केसमध्ये आधी काय आलं, प्रतिज्ञापत्र की अर्ज? रोजनामा, म्हणजे कोर्टाची तारीखवार नोंद, बघा, मग बोला.

कलम नसतं तर काय होतं तेही ऐका. माझ्याकडं एक म्हातारे आले होते, हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालपत्रक, छातीशी धरून. टायपिस्टनं गट नंबर ४२१ चा ४१२ केलेला. दावा जिंकला, अंमलबजावणीची दरखास्त लावली, बेलीफ गावात गेला तर त्या नंबरचं रान भलत्याचंच. चतुःसीमेत पूर्वेला ओढा लिहिलेला, तो पश्चिमेला. असल्या माणसाला काय सांगायचं, पुढच्या जन्मी ये? समोरच्यावर अन्याय होत नसेल आणि खरा वाद मिटणार असेल तर दुरुस्ती द्यावी, हे मुंबई हायकोर्टानं १९०९ सालीच सांगितलंय आणि १९५७ ला सुप्रीम कोर्टानं पिरगोंडा पाटील खटल्यात उचलून धरलंय.

तासगावकर प्रतिवादी

रोजनामा बघितला वकीलसाहेब. प्रतिज्ञापत्र आधी, अर्ज नंतर. आता बोला. अर्जात कारण काय, तर "नजरचुकीने राहून गेले". ज्या बांधावर दर पावसाळ्यात आमची शिवीगाळ होते, तो गट नजरचुकीनं राहतो होय? छाटणीची माणसं बागेत सोडून मी तारखेला पळायचं आणि ह्यांना आठवेल तसा दावा वाढवायचा. वर थोरल्या आत्यालाही पक्षकार केलंय. ती कधी इकडं फिरकली नाही, तिचा काय संबंध?

माणदेशी गडी

वकीलच मुद्दाम मोकळं ठिवत्यात. दावा लिवतानाच म्या म्हणलं, हिर (विहीर) धरा त्यात. वकील म्हणला नंतर बघू. नंतर बघू म्हंजी अर्जाची फी येगळी, समोरच्याचं म्हणणं, से, आला की युक्तिवादाची येगळी. टायपिस्टच्या नावानं पावती फाडू नका.

कराडची माहेरवाशीण

बाकी चालू द्या, पण "तिचा काय संबंध"? बाप एकच होता ना दोघांचा?

तासगावकर प्रतिवादी

ताई, आत्याचं लग्न कर्ज काढून केलंय आमच्या आजोबांनी. दर दिवाळीला साडीचोळी जाते.

कराडची माहेरवाशीण

चुलत्याच्या लग्नात मांडव फुकट मिळाला होता का? तो खर्च त्याच्या हिश्श्यातून वजा केलात? मला भावानं "तलाठ्याकडं वारस नोंदीची सही आहे" म्हणून गाडीत घातलं. दारात पाटी वाचली, दुय्यम निबंधक. आत हक्कसोड, म्हणजे माझा हिस्सा सोडल्याचा कागद, टाईप होऊन तयार. वहिनी डब्यात पुरणपोळी घेऊन बसलेली. मी सही केली नाही, तेव्हापासून भाऊबीज बंद आहे. फिरकत नाही म्हणे! फिरकू देता का?

जतचा अण्णा

बहिणी मागत नसतात, जावई मागायला लावतो. एकराचे गुंठे झाले, आता त्याचेही तुकडे करा.

कराडची माहेरवाशीण

अण्णा, चार भावांत वाटताना तुकडे होत नाहीत, बहीण आली की होतात. बरं गणित आहे.

कृष्णाकाठचा वकील, सातारा

भांडा, पण कायदा धरून. आजोबा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारले असतील तर त्यांच्या हिश्श्यात आत्याचा वाटा तेव्हाच आला, मुलीला जन्मानंच हिस्सा देणाऱ्या २००५ च्या दुरुस्तीचीही गरज नाही. नोंदणीकृत हक्कसोड असेल तर दाखवा. साडीचोळी हा दस्त नव्हे. आणि वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार लागतातच. आत्या नव्हती तेव्हा "आवश्यक पक्षकार नाही, दावा फेटाळा" ही हरकत तुमच्याच वकिलानं कैफियतीत, म्हणजे तुमच्या लेखी उत्तरात, घेतली असणार. घेतलीय ना?

तासगावकर प्रतिवादी

घेतलीय. मुद्दा क्रमांक चार.

कृष्णाकाठचा वकील, सातारा

म्हणजे खड्डा तुम्हीच दाखवला, चुलत्यानं बुजवला. गटांचं मात्र तुमचं खरं आहे. दक्षता कुठं दाखवली, हे आदेशात नसेल तर आव्हान देण्यासारखं आहे. अपील होत नाही, हायकोर्टात रिट (याचिका) करावी लागेल. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, मुंबईची एसटी धरायला नको.

माणदेशी गडी

आली का रिटची फी?

तासगावकर प्रतिवादी

एकच विचारतो. आदेश होऊन महिना उलटला. काल फाईल तपासली, मूळ दाव्यावर लाल शाईचा ठिपका नाही. ना गट लिहिलेत, ना आत्याचं नाव. हे चालतं?

कृष्णाकाठचा वकील, सातारा

आदेशात मुदत नसेल तर १४ दिवस, रूल १८. कोर्ट वाढवून देऊ शकतं, त्यामुळं गुलाल उधळू नका. पण पुढच्या तारखेला लेखी हरकत टाका. आणि दुरुस्ती झालीच तर जादा कैफियत द्यायचा तुमचाही हक्क आहे, तोपर्यंत उलटतपास सुरू करू नका.

कराडची माहेरवाशीण

वा. गट आठवले, आत्या आठवली, लिहायचं मात्र कुणालाच आठवलं नाही. दादा, आत्यांना समन्स तरी गेलंय का?

तासगावकर प्रतिवादी

नाही. तिला अजून कुणी सांगितलेलंच नाही.

कराडची माहेरवाशीण

नंबर द्या, मी सांगते.