अनुभव धागा: तुम्हाला डब्ल्यूडब्ल्यूएफचं वेड कसं लागलं?

परवा पाथरीला मामाच्या घरी गेलो होतो. मधल्या खोलीत कापूस भरलेला, पार आढ्याला टेकलेला. मामेभावाचा आठ वर्षांचा मुलगा शिडीवर चढला, वरून कोलांटी घेतली आणि धपकन पाठीवर पडला. मी विचारलं, "काय करायलास रे?" म्हणाला, "स्वँटन बॉम्ब, काका." डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणजे टीव्हीवरचं अमेरिकन रेसलिंग, त्यातलाच हा डाव.

याच खोलीत, अशाच कापसावर, 1998 साली आम्ही सहा जण दिवसभर उड्या मारायचो. तेव्हा कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी होती. केंद्रावर नंबर लागेपर्यंत कापूस घरातच पडून असायचा. बैलगाडीचा नंबर दोन दोन दिवस लागायचा नाही, तर घरातल्या कापसाचा कधी लागणार! तोवर ती खोली आमचा रिंग. शिडीची तिसरी पायरी म्हणजे टॉप रोप, रिंगची सगळ्यात वरची दोरी. कापूस तुडवला की त्यात कचरा जातो आणि ग्रेड उतरते, म्हणून मामी हातात केरसुणी घेऊन यायची. रात्रभर अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. तरी सकाळी पुन्हा तेच.

टीव्ही मामाने त्याच वर्षी घेतला होता. केबलची वायर तीन घरांच्या माळवदांवरून आलेली. एका दुपारी अंडरटेकर आणि मॅनकाइंड या दोन पैलवानांची ती लढत लागली. मूळ लढत 28 जून 1998 ची, पिट्सबर्गची. आम्ही बघितली ती बरीच उशिरा. सोळा फुटी पिंजऱ्याच्या छतावर दोघं उभे. अंडरटेकरने मॅनकाइंडला उचलून वरून खाली फेकला, तो थेट निवेदकांच्या टेबलावर. टेबलाचा चुराडा झाला. स्ट्रेचरवरून नेता नेता तो उठला आणि परत पिंजऱ्यावर चढला! मग छताची जाळी तुटली आणि तो रिंगमध्ये आदळला. दात तुटला होता. तरी हसत होता.

लढत संपल्यावर आम्ही सगळे गुपचूप माळवदावर गेलो. माळवद असेल दहा-अकरा फूट. कडेला उभं राहून खाली अंगणात बघितलं. माझा थोरला मामेभाऊ तोवर रोज सांगायचा, "खोटं असतंय सगळं." त्या दिवशी तो काहीच बोलला नाही. थोड्या वेळानं सगळे जिन्यानं खाली आलो.

तेव्हापासून मी रेसलिंगचा आहे. आज वयाच्या सदतिसाव्या वर्षीही. तुमचं कसं झालं? कुणाच्या घरी बघितलं, कुणाची बाजू घेतली, कुणासाठी भांडलात? मराठवाड्यातल्या मंडळींनी तर लिहाच, वर गावाचं नाव टाकून.

निलंगा

आमच्याकडं आधी कुस्ती होती, रेसलिंग मागून आलं. आजोबा लाल मातीतले. रामलिंग मुदगड आमच्याच तालुक्यात, त्यामुळं हरिश्चंद्र बिराजदारांचं नाव घरात देवासारखं घेतलं जायचं. 1970 च्या एडिनबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेतलं त्यांचं सुवर्णपदक आजोबा कालच मिळाल्यासारखं सांगायचे. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत कुस्त्या बघायला मला खांद्यावर बसवून न्यायचे.

अशा माणसासमोर मी रिमोट घेऊन डब्ल्यूडब्ल्यूएफ लावलं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "ह्ये कुस्ती न्हाई. ह्यात पंचच मार खायलाय." पण उठून गेले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, "खांदे टेकवून तीन मोजतेत, म्हंजी चितपटच की." तिसऱ्या आठवड्यात मला त्यांनी जे सांगितलं ते मी कधी विसरलो नाही: "पड बघ त्याची. हनुवटी छातीला लावली, हात पसरले, सगळी पाठ एकदम टेकवली. पोरा, पडायला शिकायला लई वर्षं जातेत." खोटं की खरं यावर गावभर वाद चालायचा, आणि आजोबा बघायचे ते मारणाऱ्याकडं नाही, पडणाऱ्याकडं.

मग कर्ट अँगल आला. 1999 चा शेवट असेल. त्याच्याविषयी आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. आजोबांनी त्याला एकदा खाली वाकून समोरच्याचा पाय धरताना बघितलं आणि ताडकन सरळ बसले. "ह्यो पैलवान हाय. ह्येला एकेरी पट येतोय." नंतर कळलं की तो 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकचा फ्रीस्टाइलमधला सुवर्णपदक विजेता. मानेला दुखापत असताना जिंकलेला. मी आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "मग! मी काय सांगत होतो?"

तेव्हापासून अँगलची लढत असली की मला ओसरीवरून हाक यायची, "पोरा, आपला पैलवान लागलाय."

उदगीर

मी 1996 साली 'खिलाडियों का खिलाडी' बघून आलो आणि शाळेत छाती ठोकून सांगितलं की अक्षय कुमारने अंडरटेकरला हरवलं. त्यावरून एका मित्राशी वर्षभर बोलणं बंद होतं. कितीतरी वर्षांनी कळलं की सिनेमात अंडरटेकर झालेला माणूस ब्रायन ली होता. हाच ब्रायन ली डब्ल्यूडब्ल्यूएफच्या 1994 च्या समरस्लॅम या कार्यक्रमात खोटा अंडरटेकर म्हणून खऱ्या अंडरटेकरसमोर उभा राहिला होता. मी मित्राला फोन केला. आता तो हैदराबादला असतो. म्हणालो, "तुझं खरं होतं." आम्ही तासभर बोललो.

आणि अंडरटेकर सात वेळा मेलाय, ही गोष्ट तुमच्या गावातही होती का? आमच्या वर्गात ती शपथेवर सांगितली जायची.

नांदेड

होती! आमच्याकडं मुखेडपासून नांदेडपर्यंत सातच आकडा होता, कुणी आठ म्हणालं नाही.

माझी आठवण लोडशेडिंगची आहे. 2005-06 साली आमच्या गावात दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास लाइट जायची. अंडरटेकर यायच्या आधी घंटा वाजते, दिवे जातात, अंधार होतो. एकदा टीव्हीतली घंटा वाजली आणि त्याच क्षणी आमच्याकडची खरी लाइट गेली. अंधारात सात-आठ पोरं. एकही आवाज नाही. माझ्या धाकट्या भावाने माझा हात एवढा घट्ट धरला की नखं रुतली. पुढची लढत कुणी जिंकली हे आम्हाला पुढच्या आठवड्यापर्यंत कळलं नाही. ना इंटरनेट, ना कुणाकडे फोन.

त्याच काळात एडी गरेरो हा पैलवान वारला. 13 नोव्हेंबर 2005. आम्ही टेन स्पोर्ट्स चॅनल लावलं तर सगळे पैलवान वर, स्टेजवर उभे. जे एकमेकांचे वैरी, तेही शेजारी शेजारी. घंटेचे दहा ठोके. कुणीही भूमिकेत नव्हतं, माणसं नुसती रडत होती. आम्हाला इंग्रजी कळत नव्हतं. भाऊ विचारत होता, "काय झालं? एडी कुठं हाय?" आई चुलीपुढून उठून दारात आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कुणीतरी गेलंय यांच्यातलं." तिला एकाचंही नाव माहीत नव्हतं. तिनं त्या दिवशी टीव्ही बंद करा म्हटलं नाही.

बीड

मुलींपैकी कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते. आमच्या घरी रिमोट दोन्ही भावांकडे असायचा. मी भाकरी थापता थापता दारातून बघायची. भावांना वाटायचं मला कळत नाही. मला सगळ्यांचे फिनिशर, म्हणजे लढत संपवणारे डाव, पाठ होते.

चायना नावाची बाई पैलवान पहिल्यांदा दिसली तेव्हा मी थापती भाकरी तशीच परातीत सोडली. केवढे दंड त्या बाईचे! ती पुरुषांच्या रॉयल रंबल या मोठ्या लढतीत उतरली, जानेवारी 1999 ला, पहिलीच बाई. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेफ जॅरेटला हरवून इंटरकॉन्टिनेन्टल अजिंक्यपदाचा पट्टा घेतला. थोरला भाऊ म्हणाला, "हे काय खरं नसतंय." मी विचारलं, "मग तुझ्या त्या रॉक पैलवानाचं खरं असतंय का?" त्याला उत्तर देता आलं नाही.

नंतर लिटा आणि ट्रिश या बाया पैलवान आल्या. डिसेंबर 2004 मध्ये त्या दोघींची लढत रॉ या दर आठवड्याच्या कार्यक्रमाची मुख्य लढत होती, सगळ्यात शेवटची. तेव्हा माझं लग्न झालेलं होतं आणि सासरी टेन स्पोर्ट्स नव्हतं. धाकट्या भावाने कॉइन बॉक्सवरून फोन करून मला लढत सांगितली, डावासकट. लिटानं दोरांवरून बाहेर उडी टाकली ती मानेवर पडली, तरी उठली आणि जिंकली. नाणी संपत आली तसा तो भराभर बोलायला लागला. मी इकडं पदर तोंडाला लावून ऐकत होते. ती लढत मी पुढं मोबाइलवर बघितली, पण डोळ्यांपुढं अजून भावानं सांगितलेलीच येते.

जालना

खलीविषयी लिहायलाच पाहिजे. एप्रिल 2006. हिमाचलच्या सिरमौरमधला दलीप सिंग राणा, पंजाब पोलिसात नोकरी केलेला, सात फुटांहून उंच. आला तो थेट अंडरटेकरवर. मे महिन्यात जजमेंट डे या कार्यक्रमात त्याला हरवलंही.

आमच्या मोंढ्यातल्या चहाच्या हॉटेलात ती लढत बघायला हमालांपासून अडत्यांपर्यंत माणसं दाटली होती. लोक शिट्ट्या वाजवत होते, "आपला माणूस!" आणि मी चौदा वर्षांचा, कोपऱ्यात उभा. अंडरटेकर हरतोय हे बघवत नव्हतं आणि आपला माणूस हरावा असंही वाटत नव्हतं. मी आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी घाबरलो होतो. जुलै 2007 मध्ये खलीने वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा मात्र मी मनापासून नाचलो. समोर अंडरटेकर नव्हता ना.

छत्रपती संभाजीनगर

वरच्या दादांना अंडरटेकरचं दुःख कळतं, म्हणून हे सांगतो. 7 एप्रिल 2014, सोमवार सकाळ. मी वाळूजला कंपनीत पहिल्या पाळीत होतो. रेसलमेनिया या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमात अंडरटेकरच्या तोवर 21 लढती, 21 विजय. बाविसावी ब्रॉक लेस्नरशी. चहाच्या सुट्टीत फोन उघडला आणि 21-1 असं लिहिलेला फोटो दिसला. मला वाटलं कुणीतरी बनवलाय. शेजारच्या मशिनवरचा गेवराईचा पोरगा माझ्याकडं आला, त्यानं फक्त फोन दाखवला. तोच फोटो. आम्ही दोघं एकमेकांना फक्त नावानं ओळखत होतो. त्या दिवशी डबा एकत्र खाल्ला, आजही एकत्र खातो.

धारूर

मी सगळ्यात शेवटी लिहितोय कारण माझ्याकडे टीव्हीची आठवणच नाही.

आई-वडील ऊसतोडीला जायचे. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघायची, आम्ही लेकरं ट्रकमध्ये भांड्यांबरोबर. पुढचे पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर कोपीत. शाळा सुटलेली. 1999 च्या हंगामात कारखान्यासमोरच्या बाजारात वडिलांनी मला डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांचा एक कॅट घेऊन दिला. का घेऊन दिला माहीत नाही, मी मागितला नव्हता. त्या दिवशी उचल मिळाली असावी.

मी अक्षरं त्या पत्त्यांवर शिकलो असं म्हटलं तरी चालेल. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती, किती जिंकल्या. योकोझुना पाचशे पौंडांच्या वर. जायंट गोन्झालेझ आठ फूट. टोळीतली आम्ही चार पोरं वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून खेळायचो. "उंची!" "वजन!" ज्याचा आकडा मोठा त्यानं पत्ता घ्यायचा. मला सगळ्यांचे आकडे पाठ होते आणि त्यांच्यातला एकही माणूस मी हलताना बघितला नव्हता. ते कसे चालतात, आवाज कसा, काही माहीत नव्हतं. अंडरटेकर चालतो कसा याबद्दल आम्ही चौघांनी चार गोष्टी रचल्या होत्या. माझ्या गोष्टीत तो उसाच्या फडातून यायचा, पहाटे तीनला, मोळ्या बांधायच्या वेळेला, आणि पाचट वाजायचं.

बाविसाव्या वर्षी अंबाजोगाईला एका मोबाइलच्या दुकानात कामाला लागलो, तिथं टीव्ही होता. एका संध्याकाळी घंटा वाजली, अंधार झाला आणि तो आला. हळू. एकेक पाऊल. आम्ही रचलं होतं त्यापेक्षाही हळू. गिऱ्हाईक समोर उभं होतं, मी त्याला म्हणालो, "दादा, दोन मिनिटं थांबा." ते थांबले, आणि माझ्याबरोबर बघत राहिले.

कॅटमधले एकोणतीस पत्ते अजून आहेत. आईच्या ट्रंकेत, तिच्या कागदांबरोबर. ब्रेट हार्टचा पत्ता तळावरच हरवला, बहुतेक पेटवलेल्या पाचटात गेला. त्या चौघांपैकी एका पोराचा तो आवडता होता. तो पोरगा आता टोळीचा मुकादम आहे. कुणाकडे ब्रेट हार्टचा जास्तीचा पत्ता असेल तर सांगा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, कुठंही.

परभणी (धागाकर्ता)

दादा, माझ्याकडे आहे. एक कोपरा दुमडलेला आहे, बाकी चांगला आहे. पाथरीलाच, मामाच्या देवळीत. येऊ नका, मीच रविवारी धारूरला घेऊन येतो.