ताकाराझुकाचं तिकीट लागलंय. जाऊ की नको?

मुकोकाठ (धागाकर्ती)

लॉटरीत तिकीट लागलं. दोन-तीन वर्षांपूर्वी ही बातमी मी नाचत घरभर सांगितली असती. काल मेल वाचली, फोन पालथा ठेवला आणि कुकर लावला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ओसाकापासून अर्ध्या-पाऊण तासावर ताकाराझुका आहे, हानक्यू रेल्वेचं शेवटचं स्टेशन. तिथवर प्रवासी यावेत म्हणून रेल्वेच्या संस्थापकाने, इचिझो कोबायाशीने, 1913 मध्ये मुलींचं गाणारं पथक काढलं. पहिला प्रयोग 1914 मध्ये, न चाललेल्या पोहण्याच्या तलावावर फळ्या टाकून. आज पाच चमू आहेत: फूल, चंद्र, हिम, तारा, आकाश. सगळ्या कलाकार बायका. पुरुषांची कामं करतात त्या ओतोकोयाकु, बायकांची करतात त्या मुसुमेयाकु.

जानेवारी 2024 मध्ये तारा चमूने 'आरआरआर' केलं. हो, राजामौलींचंच. तीन तासांचा सिनेमा दीड तासात बसवला आणि मध्यंतरानंतर निराळा नाचगाण्यांचा कार्यक्रम. चमूची तेव्हाची मुख्य ओतोकोयाकु रेइ माकोतो भीम झाली होती. 'नाटू नाटू' सुरू झालं तेव्हा माझ्या शेजारची सत्तरीची आजी माझ्याकडे वळून हसली, जणू ते गाणं मी माहेराहून आणलं होतं. ओतोकोयाकु म्हणजे पुरुषाची नक्कल नव्हे. असा पुरुष जगात नाहीच. तो कसा उठतो, कोट कसा झटकतो, समोरच्या बाईचं बोलणं संपेपर्यंत कसा थांबतो! माझ्या घरात दोन पुरुष आहेत. दोघांनाही यातलं काही जमत नाही.

आता दुसरी बाजू. त्याआधी, सप्टेंबर 2023 मध्ये, आकाश चमूतली 25 वर्षांची एक मुलगी गेली. अतिश्रम आणि वरिष्ठांचा जाच यांनी तिला संपवलं, असं घरच्यांचं म्हणणं. नोव्हेंबरमध्ये संस्थेने कामाचा ताण मान्य केला, जाच मात्र आढळला नाही म्हणाली. मार्च 2024 मध्ये तोही मान्य करून माफी मागितली. म्हणजे मी टाळ्या पिटत होते त्या दिवशी अधिकृत उत्तर 'जाच नाही' हेच होतं. आणि मी पेपर वाचते. मला माहीत होतं.

तेव्हापासून गेले नाही. आता अर्ज केला, तिकीट लागलं. काय करू?

तंबोरा

ताई, जा. बिनधास्त जा.

1913 वाचून अंगावर काटा आला. गंधर्व नाटक मंडळीही 1913चीच! इकडे पुरुष नऊवारी नेसून उभा राहिला आणि घरंदाज बायका त्याच्यासारखं नेसायला शिकल्या. तिकडे बाई टेलकोट घालून उभी राहिली. एकाच वर्षी दोन टोकांना एकच वेड.

आणि हे वेड फुकट मिळत नाही. 'मानापमान'चा पहिला प्रयोग 1911चा. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली आणि ते तरी उभे राहिले. जाच करणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी, त्यात वाद नाही. पण तालमीचे तास मोजायला लागलात तर तुमचा तो उठणारा-बसणारा पुरुष रंगमंचावर दिसणार नाही. तो कामगार कायद्यातून तयार होत नाही.

शंकासुर

तंबोराकाका, 'मानापमान'ची ती गोष्ट मीही स्नेहसंमेलनात सांगून बक्षीस घेतलंय. पुढे कधीतरी डोक्यात आलं, त्या रात्री घरी लेकीच्या आईजवळ कोण बसलं होतं? गोष्टीत ती नाहीच.

आणि फरक बघा. नारायणराव उभे राहिले हा त्यांचा निर्णय, असं आपण मानतो. या मुलीला 'आज जमणार नाही' म्हणायची सोय होती का? नसेल तर दोन्ही गोष्टी एका माळेत ओवू नका.

(मी सिंधुदुर्गातला. आमच्या दशावतारात आजही स्त्रीपार्टी पुरुषच करतात. रात्रभर नाटक, पहाटे टेम्पोत झोप, संध्याकाळी पुढचं गाव. त्याचंही आम्ही कौतुकच करतो. तेव्हा मी काही धुतल्या तांदळाचा नाही.)

बटाटेवडा

मला मुळात हे प्रकरणच कळत नाही. बायकांनी बायकांसाठी पुरुष व्हायचं, तोही राजपुत्र नाहीतर सरदार, आणि याला मुक्ती म्हणायचं? मालक रेल्वे कंपनी. लग्न केलं की चमू सोडायचा. कितीही मोठी स्टार झाली तरी तिला 'विद्यार्थिनी' म्हणायचं, वय सांगायचं नाही. बाईला दिग्दर्शन करायला मिळालं तेही 1990च्या दशकात, म्हणजे ऐंशीएक वर्षांनी.

बरं, इंग्रजांच्या जुलुमाची गोष्ट सांगायला हीच मंडळी सापडली? युद्धाच्या काळात याच रंगमंचावरून जपानी साम्राज्याचे गोडवे गायले गेले. ते कुणी मध्यंतरात सांगितलं का?

मुकोकाठ

बटाटेवडा, मुक्ती हा शब्द मी वापरलेला नाही, पुन्हा वाचा. :)

बाकी बरंचसं खरं आहे. 'विद्यार्थिनी'चं मला फार खटकतं. तसं म्हटलं की पगार, सुट्टी, तक्रार हे शब्दच उद्धट वाटू लागतात. शाळेत कुणी ओव्हरटाइम मागतं का?

पण बघायला येणाऱ्या बायकांना भोळ्या समजू नका. सिनेमात जेनीच्या, त्या इंग्रज मुलीच्या, वाट्याला किती आलंय? इथे ती नायिका होती. ते बदलताना मूळ गोष्टीचा थोडा रागरंग गेला, इंग्रज जरा जास्तच देखणे झाले, हेही खरं. मी ते बघून चिडले आणि घरी येऊन पुन्हा तिकिटासाठी अर्ज भरला. फॅन असणं हे असं असतं.

रात्रपाळी

मी नर्स आहे. पहिल्या वर्षी आम्हाला सिनियर सिस्टरसमोर खुर्चीत बसायची परवानगी नव्हती. चूक झाली की सगळ्यांसमोर फाइल फेकायच्या. कुणी रडलं की म्हणायच्या, आम्हीही यातूनच गेलो. पाच वर्षांनी मी एका नव्या मुलीवर तशीच ओरडले, अगदी त्याच शब्दांत. म्हणून मला हा धागा कलेबद्दलचा वाटतच नाही.

तिथल्या कलाकार जिथे शिकून येतात त्या संगीत शाळेबद्दल वाचलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुली हानक्यूची गाडी दिसली की वाकून नमस्कार करायच्या, का तर आत एखादी सिनियर असेल! गाडीला नमस्कार! आता ते बंद झालंय म्हणे. पण ज्यांनी ते केलं त्याच आज सिनियर आहेत ना?

तंबोरा

अहो, गुरूच्या घरी पाणी आम्हीही भरलंय. शिस्त आणि रॅगिंग यातला फरकच आपण पुसून टाकला तर घराणी संपतील. एका चमूत वाईट घडलं म्हणून शंभर वर्षांची परंपरा आरोपीच्या पिंजऱ्यात? आणि ताईंनी तिकीट नाही घेतलं तर नुकसान कुणाचं? रेल्वे कंपनीचं नाही. मागच्या रांगेत नाचणाऱ्या पोरींचं.

शंकासुर

परंपरेचं म्हणाल तर आपल्याकडेही उलटा प्रकार होता. बेळगावकर स्त्री संगीत मंडळी, मनोहर स्त्री संगीत मंडळी. पुरुषांची कामंही बायकाच करायच्या. काका, त्यांतल्या तीन नटींची नावं सांगा, न शोधता.

बटाटेवडा

शंकासुर +१. मला एकही सांगता येणार नाही.

तंबोरा

मलाही नाही. पण हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला! आपल्या मंडळ्या मोडल्या, नावं गेली. त्यांची टिकली ती कडक शिस्तीमुळेच.

रात्रपाळी

किंवा पाठीमागे रेल्वे कंपनी होती म्हणून, काका. शिस्तीने भाडं भरता येत नाही.

मुकोकाठ

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. गाडीच्या नमस्काराचं मला आधीच माहीत होतं. वाईट हे की मला ते गोड वाटायचं. मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे. वरिष्ठ मुलीने कपाळाला केस कुरळे करायची इस्त्री लावल्याची बातमी साप्ताहिकात आली, संस्थेने ती निराधार म्हणून उडवून लावली, तेव्हाही मला बरंच वाटलं होतं. खोटी निघाली तर बरं, असं. ती इस्त्री लागलेली मुलगी म्हणजे पुढे वारली तीच.

तंबोरा, मागच्या रांगेचा मुद्दा मनात घोळतोय. पण माझ्या तिकिटाने त्यांचं भलं होतं हे मला पटत नाही. हाऊसफुल्लच्या आकड्यामुळेच तर प्रयोग वाढतात. त्या प्रकरणानंतर त्यांनी आठवड्याचे प्रयोग दहाचे नऊ केले. नऊ! मी शाळेच्या गॅदरिंगच्या एका प्रयोगानंतर तीन दिवस आजारी पडायचे.

बटाटेवडा

मग नका जाऊ. उत्तर तुम्हीच दिलंत की.

मुकोकाठ

नाही ना देता येत. शेवटी तो जिना येतो, 26 पायऱ्यांचा. त्यावरून सगळ्या उतरतात, सगळ्यात शेवटी मुख्य ओतोकोयाकु, पाठीवर पिसांचा डोंगर घेऊन. खाली न बघता उतरायचं असतं. दर वेळी माझ्या डोळ्यांत पाणी येतं आणि दर वेळी मला स्वतःचा थोडा राग येतो.

जाईन बहुतेक. तिकीट दुसऱ्या मजल्यावरचं आहे, मागून तिसरी रांग. इतकी वर्षं दुर्बीण एकीवरच धरून बसायचे. कडेला नाचणाऱ्या मुलींतली एकही मला चेहऱ्याने ओळखता येत नाही, काल कार्यक्रमपत्रिका काढून बघितलं.

रात्रपाळी

दुर्बीण कितीची घेतलीये? दुसऱ्या मजल्यावरून आठपटीच्या वरची घेतलीत तर हात हलतो आणि कडेच्या मुली सुटतात. माझी पक्षी बघायची आहे, त्यावरून सांगते.