मदत हवी आहे: स्टीलच्या बिजागऱ्या-कड्यांवर काळा रंग टिकतच नाहीये

सागवानी_दार

नमस्कार मंडळी, आमचं फैजपूरला जुनं घर आहे, आजोबांच्या वेळचं, दारं-खिडक्या सगळ्या सागवानी. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला सगळी दारं उतरवून पॉलिश करून घेतली. जुन्या लोखंडी बिजागऱ्या गंजून पार जाम झालेल्या, दोन तर खोलताना हातातच तुटल्या, म्हणून जळगावहून स्टेनलेस स्टीलच्या आणल्या, चार इंची २४ नग, ८ टॉवर बोल्ट, हँडलं, ओसरीतल्या झोक्याच्या कड्या आणि स्क्रूचे दोन डबे. बसवल्यावर आई लांबून बघून म्हणाली, हे काय दवाखान्याचं दार केलंस का. आणि खरंच तसंच दिसत होतं, इतक्या जुन्या तपकिरी लाकडावर ते चकचकीत स्टील डोळ्यात घुसतं.

मग ठरवलं की काळं करू. गेटचा उरलेला काळा ऑइल पेंट घरातच होता, सगळं परत खोललं, फडक्याने पुसलं आणि दोन हात मारले. दिसायला एक नंबर. आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहीण माहेरी यायची होती म्हणून घाईघाईत सगळं बसवलं, झोका पण टांगला. आखाजीच्या दिवशी ती झोक्यावर बसली, पाच मिनिटांत वरून काळे टिकले पडायला लागले, नवीन साडी, खांद्यावर, केसात, ती तर काहीतरी किडा आहे म्हणून ओरडतच उठली. अजून फोनवर विचारते, रंग पडायचा थांबला का रे.

नंतर एका बिजागरीचा कोपरा नखाने उचलून पाहिला तर अख्खा पापुद्राच निघून आला, उकडलेल्या बटाट्याचं साल निघतं तसा, आणि त्या सालावर स्क्रूच्या भोकाचा गोल जसाच्या तसा. खाली स्टील परत चकाचक, जसं काही रंग लागलाच नव्हता.

दुकानदार म्हणाला प्रायमर नाही मारला म्हणून असं झालं. मग सहा बिजागऱ्या साफ करून त्यांना रेड ऑक्साईड मारला, त्यावर काळा. पंधरा दिवसांत प्रायमरसकट निघाला, म्हणजे आता साल दोन रंगाचं एवढाच फरक. मग एका मिस्त्रीने सांगितलं की फरशी धुवायच्या ऍसिडमध्ये बुडव, खरबरीत होईल, रंग पकडेल. ते पण केलं (हो, माहितीये, आता बोलू नका). खरबरीत काही झालं नाही, वर दोन दिवसांनी त्या चार नगांवर तपकिरी ठिपके आले. स्टेनलेसला गंज! चुंबक लावून पाहिलं, चिकटत नाही, म्हणजे ३०४ नंबरचं, चांगल्या प्रतीचं स्टेनलेस आहे ना?

तर विचारायचं असं की स्टेनलेसवर रंग टिकतो तरी का, का मी उगीच डोकं फोडतोय. टिकत असेल तर खाली नेमकं काय मारायचं. स्क्रूचं काय करायचं, कारण ते पिळताना पेचकसाने रंग उडतोच. पावडर कोटिंगचा (रंगाची कोरडी पावडर लावून भट्टीत भाजतात त्याचा) विचार होता पण एवढ्याशा मालाला कोण हात लावेल. आणि आमच्याकडे ऊन म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, त्याचा काही संबंध आहे का, कारण मी सगळं गच्चीवर भर दुपारी सुकवलं होतं.

तापीकाठ

भाऊ, मना बी असाच घोय व्हयेल शे. मी खिडकीच्या स्टॉपरला मारला होता, पहिल्या पावसात गेला. वाचतोय, उत्तर मिळालं तर मला पण हवंय.

जुनं_तेच_सोनं

काळंच हवं होतं तर भंगारवाल्याकडून जुन्या लोखंडी बिजागऱ्या घेऊन तेल लावून बसवायच्या. स्टेनलेस घ्यायचं आणि मग ते झाकायचं हे काही मला पटत नाही.

सागवानी_दार

काका, त्या लोखंडी बिजागऱ्यांच्या गंजाचे ओघळ दारावरून घासून काढताना चार दिवस गेलेत माझे. आता परत लोखंड नको.

चाळीसगावचा_रंगारी

दादा, गाड्यांच्या रंगकामात बरीच वर्षं आहे, सांगतो तसं करून बघा. थोडं लांबेल.

आधी रंग का निघाला ते. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, कमीत कमी साडेदहा टक्के, ३०४ मध्ये तर १८ च्या आसपास. त्या क्रोमियमचा हवेशी संबंध आला की वर एक अगदी पातळ थर तयार होतो, डोळ्याला दिसत पण नाही, आणि त्यानेच ते गंजत नाही. पण साध्या रंगाला धरायला तिथे काही नसतं. वरून पॉलिश केलेलं म्हणजे आरसाच. त्यात बिजागरीला कारखान्यातलं तेल, पॉलिशच्या मेणाचा अंश, आपल्या बोटांचं तेल. तुम्ही फडक्याने पुसलं म्हणजे तेल इकडून तिकडे पसरवलं. रेड ऑक्साईडचं मुख्य काम लोखंडाचा गंज रोखायचं, गुळगुळीत स्टीलला धरून ठेवणं त्याच्याकडून होत नाही. दुकानदाराची चूक म्हणणार नाही, गिऱ्हाईक प्रायमर मागतं, तो देतो.

आणि फरशीचं ऍसिड परत कधी नाही. त्यात हायड्रोक्लोरिक असतं, क्लोराईड स्टेनलेसचा दुश्मन, तो वरचा थर फोडून आत बारीक खड्डे करतो. तुमचे ठिपके तेच आहेत. ते चार नग पाण्याने भरपूर धुवा, घासा, आणि खड्डे दिसत असतील तर आतल्या कपाटाला वापरा, मुख्य दाराला नको.

चुंबकाचं पण सांगतो, २०२ ला सुद्धा चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्यावरून ३०४ ठरत नाही. बाजारात स्वस्त माल बराचसा २०२ असतो, तो गंजतो पण लवकर. रंगकाम मात्र दोघांना सारखंच.

आता काम. जुना रंग पेंट रिमूव्हरने काढा, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत. मग भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात घासून धुवा. सुकल्यावर घासकाम, २४० चा पॉलिश पेपर आणि मग ३२०, चमक पूर्ण मरून दुधाळ दिसायला पाहिजे, कोपऱ्यात आणि भोकांच्या कडेला सुद्धा, साल नेहमी कडेपासूनच सुटतं. कडा धारदार असतील तर थोड्या मोडा, धारेवर रंग पातळ बसतो. कोपऱ्यांना हिरवा स्क्रबर चालतो. लोखंडी तारेचा ब्रश अजिबात नको, त्याचे कण स्टीलमध्ये रुततात आणि मग तेच गंजतात, लोक म्हणतात स्टेनलेस गंजलं.

घासून झालं की एक पाणी मारून बघा. पाणी एकसारखं पसरून राहिलं तर माल स्वच्छ आहे. थेंब थेंब गोळा झालं, केळीच्या पानावर होतं तसं, तर तेल अजून आहे, परत धुवा. ही एक परीक्षा केली असती तर तुमच्या बहिणीची साडी वाचली असती :) पाणी सुकलं की ऍसिटोन स्वच्छ फडक्यावर घेऊन पुसायचं, फडकं सारखं बदलत, आणि त्यानंतर उघड्या हाताने धरायचं नाही.

मग त्याच दिवशी दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, म्हणजे एका डब्यात प्रायमर आणि दुसऱ्यात तो कडक करणारा हार्डनर, मारताना मिसळायचा. पातळ. त्यावर दोन डब्यांचाच पीयू (पॉलीयुरेथेन) काळा मॅट, दोन पातळ हात. दोन्हींच्या मधली वेळ डब्यावर लिहिलेली असते ती पाळा, ती टळली तर प्रायमर हलका घासून मगच वरचा हात. नुसता इपॉक्सी ठेवू नका, उन्हात तो खडूसारखा पांढरट होतो. गॅरेजवाले वॉश प्रायमर पण सुचवतील, त्यात ऍसिड असतं आणि तो स्टीलला चावून धरतो, चांगला आहे, पण त्याच्यावर कुठलाही इपॉक्सी चालतोच असं नाही, त्यामुळे घ्यायचं तर एकाच कंपनीचं, एकमेकांना चालणारं घ्या.

एक गोष्ट मस्करीत घेऊ नका, पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला घातक. स्प्रे करायचा तर साधा कापडी मास्क काही कामाचा नाही. घरी करताय तर सरळ मऊ ब्रशने मारा, गच्चीवर, सावलीत. नाहीतर एखाद्या गॅरेजवाल्याला द्या, तो दुसऱ्या गाडीबरोबर मारून देईल.

सागवानी_दार

बापरे, एवढं सगळं. पण पहिल्यांदाच कोणीतरी का निघाला ते सांगितलं. दादा दोन शंका. उन्हाचं काय? आणि टॉवर बोल्टची दांडी तर सारखी घासते.

चाळीसगावचा_रंगारी

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या घरात, गच्चीवर ठेवलेली बिजागरी हाताला चटका देते. तापलेल्या पत्र्यावर रंग मारला की थिनर पटकन उडून जातं, रंगाला पसरायला वेळच मिळत नाही, वरून कातडं धरतं आणि आत ओलं राहतं. सकाळी सात-आठला मारा, खोलीत सुकवा. आणि हाताला सुकलं म्हणजे झालं असं नाही, पूर्ण कडक व्हायला आठवडा द्या, तोवर दारं लावायची घाई नको.

दांडीचं खरं सांगतो, जिथे स्टीलवर स्टील घासतं तिथे कुठलाच रंग राहत नाही. बोल्टची पट्टी रंगवा, दांडी स्टीलचीच ठेवा. बिजागरीची पिन आणि नळीच्या आतला भाग टेप लावून झाका, नाहीतर दार कचकच करेल. झोक्याच्या कड्यांचं तर नावच नका घेऊ, तिथे माणसाचं वजन आणि घासणं दोन्ही. त्या साफ करून तशाच ठेवा, आणि घासल्या किती गेल्यात तेवढं अधूनमधून बघत जा.

एमआयडीसी_शिफ्ट

पावडर कोटिंगचं मी सांगतो, रोज तेच बघतो. थोडा माल घेतात, फक्त त्यांचा काळा मॅटचा लॉट चालू असेल तेव्हा जायचं, तुमच्यासाठी वेगळी पावडर कोणी भरणार नाही. भट्टीत १८०-२०० डिग्रीला भाजतात म्हणून कडक बसते. पण तयारी तीच, घासलेलं नसेल तर पावडर पण निघते, नखाने नाही तर पेचकसाने. आणि थर जाड असतो, ६०-८० मायक्रॉन, त्यामुळे बिजागरीच्या जोडात भरली की दोन पानं चिकटून बसतात. हँडलं आणि पट्ट्या द्या, बिजागऱ्या देऊ नका. आत प्लास्टिकचा वायसर असेल तर आधी काढा, वितळतो.

घरचा_सुतार

स्क्रूचं मी सांगते (हो, ताई आहे मी, सुतारकाम स्वतः करते). डोकी घासून, पुसून, जाड पुठ्ठ्यात भोकं पाडून उभे खोचायचे, फक्त डोकं वर. प्रायमर आणि रंग डोक्यालाच, आट्यांना अजिबात नाही. बसवताना लाकडात आधी ड्रिलने भोक करा म्हणजे जोर कमी लागतो, आट्यांना थोडं मेण लावा, आणि शेवटचे दोन पीळ मशीनने न देता हाताने, मापाच्या बिटने. तरी खाचेत रंग उडणारच. एका झाकणात थोडा रंग कालवून काडीने टिपका लावायचा, झालं. मी तर कधीकधी सगळे बसवूनच मग डोकी रंगवते, बिजागरीला टेप लावून.

सागवानी_दार

ताई, पुठ्ठ्याची युक्ती आवडली. उद्या आधी दोनच बिजागऱ्यांवर करतो.

सागवानी_दार

तीन आठवड्यांनी अपडेट. दोन नग घेतले, एकावर सगळं सांगितलं तसं केलं. पाण्याच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास, मला स्वच्छ वाटत होतं पण नळीजवळ थेंब गोळा झाले, परत धुतलं. दुसरी बिजागरी मुद्दाम न घासता तशीच रंगवली, तोच प्रायमर, तोच पीयू, बघायला. आठवड्याने दोन्हींवर ब्लेडने चौकटी पाडल्या आणि चिकटपट्टी दाबून ओढली. न घासलेल्याचे तीन-चार चौकोन पट्टीला चिकटून आले. घासलेलीचं काहीच नाही, पट्टी पांढरी. न्हाणीच्या दाराला लावलीय ती, मुद्दाम, तिथे रोज ओल असते, अजून टिकून आहे.

बाकीच्या १८ घासायला घेतल्यात, रोज तीन, त्यापेक्षा जास्त बोटं साथ देत नाहीत. ठिपकेवाल्या चार कपाटाला गेल्या. हँडलं कोटिंगला दिली, काळ्याच्या लॉटची वाट बघतोय. झोक्याच्या कड्या तशाच चकचकीत, आई म्हणते त्या शोभतात. तापीकाठ भाऊ, ऍसिटोनचा अर्धा डबा उरलाय, इकडे आलात तर घेऊन जा.