गोपाचलच्या मूर्ती आणि छायाचित्रकाराने पाडलेला काळोख

लष्करकर

गेल्या महिन्यात आपल्या ग्वाल्हेरच्या काही हौशी छायाचित्रकारांनी किल्ल्याच्या, म्हणजे गोपाचल टेकडीच्या, कातळात कोरलेल्या जैन मूर्तींची छायाचित्रे मांडली होती. सर्वांत जास्त वाहवा ज्या चित्राला मिळाली, त्यात एका तीर्थंकरमूर्तीचा निम्मा चेहरा लख्ख उजेडात होता आणि उरलेला निम्मा इतका काळा, की तिथे दगड आहे की पोकळी हेही कळू नये. मला ते चित्र पटले नाही. पंधराव्या शतकात, तोमर राजांच्या काळात, ज्या कारागिरांनी हा कातळ फोडून मूर्ती घडवल्या, त्यांनी चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्याच निगुतीने घडवल्या. त्यांतली एक बाजू पुसून टाकायची आणि त्याला ‘छायाप्रकाशाचा खेळ’ म्हणायचे, हा दुसऱ्याच्या कलाकृतीवर स्वतःची सही ठोकण्याचा प्रकार वाटतो.

हा प्रश्न आजचा नाही. छायाचित्रणकलेचा एक जनक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने १८४०च्या दशकात पॅट्रोक्लस या ग्रीक कथांतल्या वीराच्या अर्धपुतळ्याची अनेक छायाचित्रे काढली. पुतळे ढगाळ दिवशी टिपावेत, आणि ऊन असलेच तर पुतळ्याच्या एका बाजूला थोड्या अंतरावर पांढरे कापड धरून सावलीत उजेड परतवावा, असे त्याने लिहून ठेवले. एका साध्या पांढऱ्या कापडाची शिस्त आपल्याला पावणेदोनशे वर्षांनंतरही का पाळता येऊ नये?

कंदील

ते चित्र माझेच आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. ढगाळ दिवशी काढलेली छायाचित्रे मोजमापाच्या नोंदवहीत शोभतात. मूर्तीचा उठाव डोळ्याला कळतो तो सावलीमुळे. सावली काढून घेतली तर ५७ फुटांची मूर्तीही भिंतीवर डकवलेल्या कागदासारखी दिसते. उजेड पृष्ठभागाशी पंचेचाळीस अंशांनी आला, तर एक मिलिमीटर उंचवट्याची सावली एक मिलिमीटरच पडते. तोच दहा अंशांनी, म्हणजे दगडाला घासत आला, तर ती साडेपाच मिलिमीटरांहून लांब होते. छिन्नीचे घाव, झिजलेल्या कडा, जोड, हे सारे अशाच उजेडात दिसते.

आणि आपल्या मूर्तींच्या बाबतीत जोड हा किरकोळ विषय नाही. १५२८ साली ग्वाल्हेर पाहायला आलेल्या बाबराने किल्ल्याच्या उरवाई घळीतल्या मूर्ती फोडण्याचा हुकूम दिल्याचे त्याच्याच आठवणींत आहे. पुढे जैन समाजाने काही मूर्तींचे चेहरे गिलाव्याने पुन्हा घडवले. मूळ दगड कुठे संपतो आणि गिलावा कुठे सुरू होतो, हे टॅलबटच्या पांढऱ्या कापडाने झाकले जाईल. तिरपा उजेड ते उघड करतो.

सही ठोकण्याबद्दल एवढेच म्हणेन, की फ्रेंच शिल्पकार रोदँने स्वतः एडवर्ड स्टाइकन या छायाचित्रकाराला १९०८ साली आपल्या बाल्झाकच्या पुतळ्याची छायाचित्रे काढू दिली, तीही मदाँच्या बागेत, रात्री, चांदण्यात. शिल्पकाराला त्या काळोखाचे वावडे नव्हते, मग आपल्याला का असावे?

शिसपेन्सिल

मी चाळीस वर्षे चित्रकला शिकवली. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवून मुलांकडून छायाभेद काढून घेतले. दोघांच्याही बोलण्यात एक गफलत दिसते. सावली दोन प्रकारची असते. एक अंगची सावली, म्हणजे वस्तूचा पृष्ठभाग उजेडापासून वळत जातो तसतशी गडद होत जाणारी. आणि दुसरी पडछाया, म्हणजे नाकाची ओठावर किंवा कपाळाची डोळ्यांवर पडलेली. गोलाई कळते ती पहिलीमुळे. दुसरी बहुतेक वेळा आकार तोडते. कंदील यांच्या चित्रात या दोन्ही सावल्या एकाच काळ्यात बुडाल्या आहेत, त्यामुळे गालाची वळण घेणारी कडाच नाहीशी झाली आहे.

यापुढचा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उघड्यावर सावली कधीच काळी नसते. वर आकाश असते, खाली जमीन असते, समोर दुसरा कातळ असतो, आणि या सगळ्यांवरून परतलेला उजेड सावलीत भरत असतो. मुलांना मी सांगत असे, की सावलीत आधी परावर्तित प्रकाश शोधा, मग पेन्सिल दाबा. तुमच्या चित्रातला काळोख सूर्याने पाडलेला नाही. तो तुम्ही निवडलेल्या एक्स्पोजरने, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा त्या मापाने, आणि नंतर संगणकावर वाढवलेल्या काळ्याने पाडला आहे.

कंदील

बाई, एक्स्पोजर मी निवडले हे मान्य. परंतु डोळा उन्हातून सावलीकडे वळताच स्वतःला जुळवून घेतो, तसे कॅमेऱ्याला एका झटक्यात जमत नाही. उन्हातला दगड सांभाळावा तर सावली दाटते, सावली सांभाळावी तर उन्हातला दगड पांढराफटक होतो. आजचे मोबाइल दोन्ही उचलून एक गुळगुळीत करडे चित्र हाती देतात, त्यात ना सकाळ असते ना दुपार. निवड टाळता येत नसेल, तर ती उघडपणे करावी, असे माझे मत आहे.

शिवाय उजेडाची दिशा मी ठरवलेली नाही. किल्ल्याच्या आग्नेय अंगाच्या मूर्तींवर डिसेंबरात सूर्य जवळजवळ समोरून उगवतो, तर जूनमध्ये तो ईशान्येकडून येतो आणि भल्या सकाळी कड्याला घासत जातो. मी जूनमध्ये पहाटे पाचला पायथ्याशी उभा होतो. त्या कातळाच्या नशिबी दरवर्षी येणारा उजेडच मी टिपला.

लष्करकर

सूर्याचा दाखला चांगला आहे, पण तो माझ्या बाजूनेही वापरता येतो. आपल्याकडे डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे चाळीस अंशांवर असतो, जूनमध्ये सत्त्याऐंशी. म्हणजे एकाच मूर्तीला वर्षभरात शेकडो चेहरे मिळतात. त्यांतला सर्वांत नाट्यमय तेवढा उचलून ‘हीच ती मूर्ती’ म्हणून भिंतीवर टांगणे मला खटकते, कारण बाहेरगावचा माणूस मूर्ती पाहणार नाही, तुमचे चित्रच पाहील. तीर्थंकराच्या मुद्रेचा सारा अर्थ शांततेत आहे. तुमच्या चित्रातला तीर्थंकर काहीतरी लपवणाऱ्या माणसासारखा दिसतो.

संग्रहालयात तर स्थिती याहून बिकट होते. गुजरी महालाच्या संग्रहालयातली ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे झाडाखाली उभ्या स्त्रीची मूर्ती, घ्या. अशा मूर्ती बहुधा मंदिरावर उंच जागी, छज्ज्याखाली असत. त्यांना उजेड मिळे तो फरसबंदीवर आपटून खालून वर येणारा, मऊ. तिच्यावर वरून एकच झगझगीत दिवा रोखून काढलेली छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो, आणि तिने जन्मात न पाहिलेला उजेड तिच्या अंगावर आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

शिसपेन्सिल

शालभंजिकेचे मान्य, मात्र एक सावधगिरी हवी. आपली नजर उजेड वरूनच येतो असे गृहीत धरते. कडक दिवा खालून लावला, तर उथळ कोरीवकामात उंचवटे खळग्यांसारखे दिसू लागतात. खालून येणारा उजेड मऊ असेल, पसरलेला असेल, तरच तो चालतो. म्हणजे पुन्हा ते पांढरे कापडच.

कंदील

काल रात्री त्या चित्राची मूळ फाइल उघडून काळा भाग हळूहळू उजळून पाहिला. बाईंचे म्हणणे खरे निघाले. सावलीत बराच उजेड होता, समोरच्या खडकावरून आलेला, किंचित तांबूस. गिलाव्याचा जोड मला उजेडातल्या गालावर सापडला नव्हता. तो कानाच्या खालून हनुवटीकडे जाताना त्याच अर्ध्यात स्पष्ट दिसला, जो मी काळा करून टाकला होता. वर जोडाबद्दल मी जे लिहिले, ते या चित्राला तरी लागू पडत नाही.

चित्र मात्र मी मागे घेणार नाही. ते त्या पहाटेचे माझे चित्र आहे आणि तसेच राहील. त्याखाली महिना आणि वेळ लिहीन, आणि शेजारी दुसरी प्रत लावीन, सावली उघडी ठेवलेली. लष्करकर, डिसेंबरात तुम्ही पांढरी चादर घेऊन येणार असाल, तर तिसरीही काढू.